राणी आली आणि विहीणबाई निघाल्या

राणी मंगळवारी येणार होती, विहीणबाई शुक्रवारी जाणार होत्या आणि बारसं शनिवारी होतं. एवढ्यात सगळं आलं, असं माझी सून म्हणते. ती सॉफ्टवेअरवाली, तिला थोडक्यात आवडतं. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलेली, माझं एका तासाच्या आत काही संपत नाही. शिवाय त्या आठवड्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

दोन हजार अकरा सालचा मे महिना, इंग्लंडची राणी आयर्लंडला यायची होती तो. मुलगा आयर्लंडमध्ये ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात डॉक्टर, सून रोज ट्रेनने डब्लिनला जाऊन नोकरी करणारी, मोठी नात सात वर्षांची आणि धाकटी नुकतीच झालेली. बाळंतपणासाठी विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, अकोल्याहून कधीच येऊन बसल्या होत्या. मी पुण्याहून पोचले ती बारशाच्या पंधरा दिवस आधी. तोवर घर त्यांच्या ताब्यात गेलेलं. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. "डिंक वरच्या प्रेसमदी हाय जी," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी इस्त्री कुठे दिसते का ते बघायला लागले. अकोल्याची बाई, इंग्रजी शब्द मोजून दहा, पण पोस्टमनपासून औषधाच्या दुकानातल्या पोरीपर्यंत सगळे त्यांच्या ओळखीचे. कुणी काही विचारलं की "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिकडचं "छान, ठीक", म्हणून मान हलवायची, की झालं. मी मात्र व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलायची आणि दुकानातली पोरगी माझ्या सुनेकडे बघायची, या काय म्हणतायत म्हणून.

तर त्या विहीणबाईंचं तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं. शुक्रवारचं. मूळ तिकीट महिनाअखेरीचं होतं, हे मला मुलाकडून कळलं. बारशाचा हॉल शनिवारचा ठरला, आणि दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी लेकीला सांगून तिकीट अलीकडचं करून घेतलं.

"एक दिवस थांबलात तर काय बिघडेल?" मी विचारलं.

"कैऱ्या आल्या ना घरी," त्या म्हणाल्या. "लोनचं राहिलं तर वर्षभर काय खातीन लोक?"

पहिल्या नातीचं बारसं पुण्यात झालं, तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता. आमच्या वास्तुशांतीला त्यांच्या शेतात कापूस वेचायला आला होता. आता कैऱ्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत मी जिथे पाट मांडून बसले, तिथे त्या कधीच आल्या नव्हत्या.

मुलगा म्हणाला, "आई, तू यात काही बोलू नकोस हं."

सून बाळाची झबली घडी करत बसली होती. मग शेवटची घडी घालून म्हणाली, "आई, एक सांगून ठेवते. माझी माय पाळण्याजवळ उभी नसेल तर बारसं होणार नाही. मी हॉल कॅन्सल करीन. नाव काय, सर्टिफिकेटवर लागलंच आहे."

माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, नाव ठेवायला येण्यासाठी रजा काढलेली. गावातले, डब्लिनचे, पार डब्लिनपलीकडच्या लिक्सलिपचे मराठी लोक येणार. आणि ही म्हणे, माझी माय! मी मुलाला म्हटलं, "कुणी अडवलंय तिच्या मायला? स्वतःच पळतायत!"

मुलाने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याच्या पेशंटकडे बघतो तसं. रिपोर्ट वाचून झालेला असतो आणि सांगायचं कसं ते सुचत नसतं, तसं.

कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सांगते. पण आधी जरा मागे जाऊ दे, म्हणजे मला धीर येईल.

एकसष्ट साली हीच राणी मुंबईत आली होती. मी दहा वर्षांची. शाळेने आम्हाला कागदी झेंडे देऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं. ऊन असं की पुढच्या रांगेतल्या दोन मुलींना आडवं करून नेलं. तास गेले, मग गाड्या आल्या आणि गेल्या. मला काय दिसलं म्हणाल, तर एक पांढरा हातमोजा. मनगटातून वळणारा, दिव्याची वात सारखी करावी तसा हळू. पण घरी येऊन मी सांगितलं, राणी माझ्याकडे बघून हसली. आठवडाभर आरशासमोर आईचा पांढरा मोजा हातात घालून मी तो हात हलवला. पायातला मोजा. शेजारच्या मुलीला मी सांगितलं की राणीने मला नाव विचारलं. तिने विश्वास ठेवला, तेव्हापासून मलाही तो बसला.

हा हात मी पुढे अडतीस वर्षं जपून ठेवला आणि मुलाच्या लग्नात वापरला.

लग्न अकोल्याला, मे महिन्यात. मी वरमाई. अठ्ठेचाळीस वर्षांची, पण बुद्धी त्या मोज्यातलीच. पैठणी, नथ, मानेवर पावडरचा थर, आणि बसमधून उतरायच्या आधी निरोप: पायघड्या घातल्याशिवाय मी खाली पाय ठेवणार नाही. बिचाऱ्यांनी परटाला शोधून आणला. भर उन्हात तो माणूस मागचं धोतर उचलून पुढे टाकतोय, आणि मी त्यावरून चालतेय. इकडे तिकडे मनगट वळवत. फोटो आहे. सून तो फोटो अल्बममधून काढू देत नाही.

फोटोतल्या या बाईने त्याच वर्षी आठ मार्चला शाळेत स्त्रियांच्या सन्मानावर भाषण केलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या.

मांडवात मला चौरंगावर बसवलं. विहिणीचे पाय धुवायचे. मुलीची आई पुढे आली. हातात तांब्याचा तांब्या, खाली ताम्हण, दंडावर नवा टॉवेल. साधी फिकट साडी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते, हे मला ठाऊक होतं. त्या वाकल्या, तांब्या तिरपा केला, आणि मी पाय मागे घेतले. चौरंगाच्या खाली. आणि म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "दुसरं कुणी सवाष्ण नाही का?"

पाणी ताम्हणात पडलं होतं. त्या वाकलेल्या तशाच राहिल्या. मग त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला, टॉवेल जावेच्या हातात दिला आणि आत कोठीच्या खोलीत गेल्या. जावेने माझे पाय धुतले. पाठवणीपर्यंत मुलीची आई बाहेर आली नाही. मला कुणी काही बोललं नाही. त्याचा अर्थ मी असा घेतला की माझं बरोबर आहे.

नंतर कधी विषय निघालाच तर मी म्हणायची, "लग्नाच्या गडबडीत ते तसं झालं खरं." बारा वर्षं हेच वाक्य. पाठ झालं होतं.

असो. मंगळवार उजाडला.

आमच्या शेजारी एक आजीबाई राहायच्या, पंच्याहत्तरीच्या, एकट्या. त्यांनी सकाळीच पुढच्या खिडकीचे पडदे ओढून घेतले. त्या राणीचं तोंड मी माझ्या घरात दिसू देणार नाही, असं त्यांनी आदल्या आठवड्यात कुंपणावरून सांगितलं होतं. इंग्रजांनी काय काय केलं याची यादी त्यांच्याकडे तयार असायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज सेनापतीने ड्रोहेडात येऊन कशी कत्तल केली, ते त्या असं सांगायच्या की मला वाटलं, मागच्या मंगळवारी त्या दुकानातून दूध आणायला गेल्या असताना घडलं असावं. मला त्या फार आवडायच्या. माझ्याच पठडीतल्या.

दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. हातात केकचा डबा.

"माझ्या घरात ती दिसणार नाही म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराचं काही म्हणाले नव्हते."

तर अशा आम्ही सोफ्यावर बसलो. मी, शेजारच्या आजी, विहीणबाई मांडीवर ताटात हरभरे निवडत, सून बाळाला पाजत. मोठी नात शाळेतून येऊन केकवर. टीव्हीवर डब्लिन ओस पडलेलं. रस्ते बंद, पोलीसच पोलीस. देश एवढा आतुर झालेला आणि राणीला बघायला रस्त्यावर चिटपाखरू नाही! मुंबईत आम्हाला तरी उन्हात उभं केलं होतं. इथे लोकांनाच कुंपणापलीकडे ठेवलं. ती उतरली ती हिरव्या, म्हणजे आयर्लंडच्या रंगाच्या कपड्यांत. "बघा, हिरवा घातला," शेजारच्या आजी नाक उडवून म्हणाल्या, पण डोळे टीव्हीवरून हलेनात.

मग ती बागेत गेली. इंग्रजांविरुद्ध लढताना मेलेल्यांची ती बाग. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडचं कुणी राजेराण्यांपैकी त्या देशात आलंच नव्हतं. आणि ही आली, तिने फुलांचं चक्र ठेवलं, दोन पावलं मागे गेली, आणि मान खाली घातली.

बस. मान खाली. काही क्षण.

शेजारच्या आजी रडत होत्या. अहो, खरंच. केकचा तुकडा हातात, आणि गालावरून पाणी.

मी उसळलेच. "काय झालं रडायला? काय म्हणाली ती? काही म्हणाली का?"

"ती वाकली," आजी म्हणाल्या.

"वाकली! चूक झाली म्हणाली का? शेकडो वर्षं दुसऱ्याच्या घरात घुसून बसायचं, माणसं मारायची, भाषा मारायची, आणि शेवटी टोपी घालून यायचं आणि मान दोन इंच खाली करायची? याला काय म्हणायचं? आमच्याकडेही असंच. यायचं, हात हलवायचा, जेवायचं, जायचं. राजेलोकांचे दौरे म्हणजे दुसरं काय असतं? सरकारांना जे तोंडाने म्हणायचं नसतं, ते एका म्हातारीला चांगले कपडे घालून पाठवून म्हणवून घ्यायचं. म्हणजे म्हटलंही आणि नाहीही म्हटलं. सॉरी म्हणायला जीभ झडते का?"

नागरिकशास्त्राचा तास रंगला होता. मी उभी राहिले होते बहुतेक.

"आजी, शी'ज ग्रँड," नात केक खात म्हणाली. "शी'ज ओन्ली अ‍ॅन ओल्ड वन."

आणि सून बाळाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "बरोबर आहे आई. म्हणायला काय जातं, नाही?"

हरभरे निवडण्याचा आवाज थांबला. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी एक खडा काढला, उजेडात धरून बघितला, बाजूला ठेवला. आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मी खाली बसले. केक संपला होता.

त्या दिवशी मला सगळ्यांचा राग आला होता. सुनेचा तर होताच, कारण तिने मला माझ्याच वाक्याने पकडलं होतं. राणीचा होता, कारण ती आलीच नसती तर मी ते वाक्य बोललेच नसते. विहीणबाईंचा सगळ्यात जास्त. एवढी वर्षं एक शब्द न बोलता माणूस एखाद्याला कसं अपराधी ठेवू शकतं? भांडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात.

बुधवारी सकाळी मला युक्ती सुचली. आता हसू येतं, पण तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते. बारशाला पन्नास लोक येणार. त्या सगळ्यांसमोर मी विहीणबाईंना चौरंगावर बसवीन, त्यांचे पाय धुवीन, खणानारळाने ओटी भरीन. विधवा बाईची ओटी! डब्लिनचं मराठी मंडळ बघत राहील. कुणीतरी व्हिडिओ काढेल. बारा वर्षांचा हिशेब पाच मिनिटांत पुरा. मी ताम्हणही शोधून ठेवलं.

विहीणबाई परसात बाळाचे लंगोट वाळत घालत होत्या. वारा असा की एकेक लंगोट झेंड्यासारखा फडफडत होता. मी माझा बेत सांगितला. डोळ्यात पाणी वगैरे आणून.

त्यांनी तोंडातला चिमटा काढून दोरीवर लावला.

"कोनासाठी करता?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुमच्यासाठी."

"माह्यासाठी? पन्नास लोकायसमोर?" दुसरा चिमटा. "तुमी मले पन्नास लोकायसमोर बसवान, मंग लोक म्हनतीन, वा, पुन्याच्या बाई किती मोठ्या मनाच्या! मी नाई बसत जी. मी एकदा वाकलो होतो लोकायसमोर. आता मले लोकायसमोर काईच करू नका."

मी ताम्हण घेऊन घरात आले. इतकी संतापले होते की ते जोरात आपटलं आणि बाळ उठलं. मग बाळाला घेऊन फेऱ्या मारत बसले. नऊ आठवड्यांचं पोर, माझ्याकडे टक लावून बघत होतं. अजून कुणी नावाने हाक न मारलेलं.

त्या संध्याकाळी राणीची मेजवानी होती, डब्लिनच्या किल्ल्यात. ज्या किल्ल्यातून इंग्रजांनी राज्य केलं, त्यातच. शेजारच्या आजी न बोलावता आल्या, डबा नसताना. राणी बोलायला उठली आणि पहिलं वाक्य आयरिश भाषेत बोलली. पाच शब्द. अध्यक्ष आणि मित्रहो, इतकंच. पण त्यांच्या अध्यक्षबाई थक्क होऊन इकडे तिकडे बघायला लागल्या, आणि आमच्या आजी पुन्हा मुसमुसायला. "माझ्या आजीला ही भाषा बोलली म्हणून शाळेत मारायचे," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही पाच शब्दांवर भागवता?" मी म्हटलं.

त्यांना माझा राग आला नाही. "तू कधी कुणाची इतकी वर्षं वाट बघितली आहेस का?" एवढंच विचारलं.

पुढे राणी म्हणाली की मागे वळून पाहिलं तर काही गोष्टी वेगळ्या तऱ्हेने व्हायला हव्या होत्या, आणि काही व्हायलाच नको होत्या. सगळे माना डोलवत होते. मी ओठ घट्ट मिटून बसले. कारण आतून ओरडत होते: व्हायला नको होत्या म्हणजे? वाऱ्याने झाल्या का? कुणी केल्या ते सांग ना! आणि ओरडता ओरडता मला माझंच वाक्य ऐकू आलं. लग्नाच्या गडबडीत ते तसं झालं खरं.

मी टीव्ही बंद केला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, मी बघत होते."

गुरुवारी दुपारी मुलगा हॉस्पिटलात, सून बाळाला घेऊन नर्सकडे तपासणीला, नात शाळेत. घरात आम्ही दोघीच. विहीणबाई जाण्यापूर्वी बेसनाचे लाडू करून ठेवत होत्या. गॅससमोर उभ्या, बेसन भाजत. त्यांची सुटकेस जिन्याखाली उघडी पडलेली, अर्धी भरलेली.

मी दाराशी उभी राहिले. तोंडाला आलं ते हे, "विहीणबाई, तेव्हा जे झालं ते व्हायला नको होतं."

"हाव," त्या म्हणाल्या. उलथनं चालूच. "नोतं व्हायाले पायजे."

संपलं. आयर्लंडने टाळ्या वाजवल्या असत्या. अकोल्याने वाजवल्या नाहीत.

मग मी राणीचाच दुसरा धडा वापरला. किती मूर्ख असावं माणसाने! लग्नात यांच्या बोलण्याची मी नक्कल केली होती, बाई असून 'जातो' 'येतो' म्हणतात म्हणून आमच्या बायकांना हसवलं होतं. आता तेच तोंड वाकडं करून म्हणाले, "मी चुकलो जी. मले माफ करजा."

त्यांनी गॅस बारीक केला. वळल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"माही भाषा कशाले घेता? तेव्हाही घेतली होती, मांडवात, मांगून ऐकू येत होतं मले कोठीत. तुमची भाषा हाय ना तुमाले? तीत सांगा. अन् काय केलं ते सांगा. चुकलो, चुकलो. कशाले चुकले? बस चुकली का तुमची?"

भाजलेल्या बेसनाचा वास सुटला होता, आता खाली लागेल असा.

"मी पाय मागे घेतले," मी म्हटलं. "तुम्ही वाकला होतात, तांब्या तिरपा केला होतात, आणि मी पाय मागे घेतले. मुद्दाम. गडबडीत नाही. मला माहीत होतं तुम्हाला लागेल. मला वाटत होतं, लागावं. सगळ्यांनी बघावं की मी कोण आहे. ते मी केलं. माझी चूक आहे. मला माफ करा."

चौतीस वर्षांत वर्गासमोर असं कधी बोलले नव्हते.

त्यांनी उलथनं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तांब्या घासून घासून ठेवला होता. आदल्या दिवशीपासून. मले वाटलं होतं, हे गेले, पन एवढं तरी मी करीन पोरीसाठी." आणि मग, "बेसन लागते ना, हालवा. मी साखर काढतो."

मी हलवलं. त्यांनी साखर काढली, वरच्या प्रेसमधून. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघितली. नाहीच म्हणाल्या. अजूनही म्हणाल्या नाहीत, आणि आता मी विचारत नाही. पण त्या दिवशी मला त्याचाही राग आला, हे कबूल करायला हवं. एवढं सगळं स्वच्छ बोलले, तर एक शब्द नको का द्यायला? माझी मान वाकली तरी आत तो मोजा हलतच होता.

शुक्रवारी सकाळी सुटकेस बंद होऊन दाराशी उभी. मुलाने गाडीची किल्ली घेतली. सून बाळाला घेऊन पायरीवर बसली, चेहरा दगडासारखा. हॉलवाल्यांचा नंबर तिने कागदावर लिहून ठेवला होता, तो कागद मला दिसत होता. मी जिन्यावर उभी.

मुलाने सुटकेस उचलली, आणि आत भांडी वाजली. खणखण.

"माय, यात काय भरलंय?" त्याने विचारलं.

"उद्याच्या वाट्या," विहीणबाई म्हणाल्या. "निरांजन हाय, ताम्हन हाय, घुगऱ्याचे हरभरे भिजवून डब्यात टाकले. हॉलवर नेऊन ठेव. उद्या धावपळ नको."

"आणि विमान?" सून म्हणाली.

"तू बदल ना तिकीट. तूच तर बदललं होतं." आणि माझ्याकडे न बघता, "कैऱ्या काय, माही जाऊ करून टाकीन लोनचं."

सून उठली, तो कागद तिने फाडला नाही की काही नाही. त्याच्या मागे वाणसामानाची यादी लिहायला बसली.

शनिवारी हॉल भरला. पाळणा तिथल्याच कुणाकडून आणलेला, त्याला झेंडूऐवजी पिवळी कागदी फुलं. शेजारच्या आजीही आल्या, हिरवी टोपी घालून. मी बघितलं, त्यांनी बघितलं.

बारशात बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हातात द्यायचं असतं, दोन बायकांनी, दोन बाजूंना उभं राहून. एका बाजूला विहीणबाई जाऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला कोण, असं कुणी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "या ना जी. की सवाष्ण पायजे?"

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, सुनेला कळलं. मुलगा कॅमेरा बघत असल्याचं नाटक करत होता.

मी गेले. वरून बाळ मी त्यांना दिलं. खालून त्यांनी मला द्यायचं. पाळणा बुटका, आयरिश बाळांचा. मी वाकले, आणखी वाकले, डोकं पाळण्याच्या दांडीखाली घातलं, बाळ हातात घेतलं, आणि कमरेत अशी कळ आली की मला उठता येईना. तशीच राहिले. समोर त्यांच्या पायांची बोटं दिसत होती. जोडवी नसलेली, नखांना हळदीचा डाग.

"ती राणी इतकी वाकली नव्हती," मागून शेजारच्या आजी कुणालातरी सांगत होत्या.

माझ्या हातातलं बाळ कुणीतरी अलगद काढून घेतलं. मग दंडाला एक हात लागला, खरबरीत, घट्ट.

"उठा आता," विहीणबाई म्हणाल्या. "किती वेळ? पोरीचं नाव ठेवाचं हाय."